पावसाळा, पंजे आणि डांबरगोळ्या

ओला कुत्रा अंग झाडतो तेव्हा भिंत, सोफा आणि तुमची इस्त्रीची पँट यांचं जे व्हायचं ते होतंच. पण सेकंद उलटायच्या आत त्याच्या अंगावरचं सुमारे ७० टक्के पाणी उडालेलं असतं. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी उंदरापासून अस्वलापर्यंत बऱ्याच प्राण्यांचं हे झाडणं कॅमेऱ्यात पकडलं आणि २०१२ मध्ये त्याचं गणित मांडलं. प्राणी जितका छोटा, तितका झटका वेगवान. लॅब्राडोर सेकंदाला चार-पाच हिसके देतो, उंदीर तीसेक. २०२४ मध्ये हार्वर्डच्या मंडळींनी उंदरांवर काम करून त्याचं बटणही शोधलं: केसांच्या मुळाशी हलका स्पर्श टिपणारे काही खास मज्जातंतू.

उरलेलं ३० टक्के पाणी मात्र आमच्यासारख्या दवाखान्यांच्या पोटापाण्याची सोय करतं. ते बोटांच्या बेचक्यांत, काखेत, शेपटीखाली आणि कानात बसून राहतं. फिरवून आणल्यावर पाठ खसाखसा पुसणारे मालक पुष्कळ दिसतात. पाठ आपोआप वाळते. टॉवेल बोटांमध्ये घाला.

कानाचं प्रकरण जरा निराळं आहे. आपल्या कानाची नळी बऱ्यापैकी सरळ आत जाते. कुत्र्याची आधी खाली उतरते आणि मग काटकोनात वळते. त्या वळणावर साचलेलं पाणी बाहेर यायला तयार नसतं, आणि वरून लॅब किंवा कॉकर स्पॅनियलच्या लोंबत्या कानाचं झाकण. आत उबदार, ओलसर आणि अंधार! यीस्टला याहून चांगली खोली भाड्याने मिळणार नाही. चार-आठ दिवसांत कानाला आंबूस वास येतो, तपकिरी मळ दिसतो आणि कुत्रा पायाने कान खाजवून स्वतःच कळवळतो. अशा वेळी घरातली इअरबड पुढे करू नका. ती मळ बाहेर काढत नाही, वळणापलीकडे ढकलते. कान दुमडून आत हवा लागू द्या, दिसतो तेवढा भाग कापसाने टिपा आणि वास आला तर दाखवायला आणा. मागच्या वर्षीचे उरलेले थेंब घालायचा मोहही आवरा. कानाचा पडदा शाबूत आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय कुठलंच औषध आत जाऊ नये.

आठ पायांचा पाहुणा

गोचीड हा किडा नव्हे. आठ पायांचा तो कोळी-विंचवाच्या गोतावळ्यातला. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला मात्र सहाच पाय असतात, उरलेले दोन कात टाकल्यावर येतात. पुढच्या पायांवर त्याचं एक भन्नाट इंद्रिय असतं. श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब आणि वास त्याला त्याने कळतात. म्हणजे गोचीड पायांनी वास घेतो! गवताच्या पात्यावर किंवा भिंतीच्या फटीत बसून पुढचे दोन पाय हवेत हलवत तो गिऱ्हाइकाची वाट बघतो, आणि जवळून काही केसाळ गेलं की लटकतो.

आपल्याकडे कुत्र्यांवर सर्रास सापडणारा तपकिरी गोचीड तर पक्का घरजावई. त्याचं सगळं आयुष्य बंद घरातही पार पडतं. पोटभर रक्त प्यायलेली मादी खाली पडते, भिंत चढते आणि पडद्याच्या शिवणीत, फोटोफ्रेममागे नाहीतर दरवाजाच्या चौकटीत हजारोंच्या संख्येने अंडी घालते. ‘डॉक्टर, आमचा तर घराबाहेरच जात नाही हो, मग आले कुठून?’ हा प्रश्न पावसाळ्यात रोजचा. उत्तर बहुधा भिंतीवर असतं. अंगावर औषध आणि घराला अभय, असं चालत नाही. कुत्रा झोपतो त्याच्या आसपासच्या फटी बुजवणं हा उपचाराचाच भाग धरा.

आता काढायचा कसा? रॉकेल नको, पेटती काडी नको, गरम तेल तर मुळीच नको. डिवचलेला गोचीड तोंडातला ऐवज जखमेतच ओततो, म्हणजे टाळायचं तेच घडतं. बारीक टोकाचा चिमटा घ्या, केस बाजूला करा, अगदी कातडीला लागून तोंडाजवळ पकडा आणि न पिळता सरळ वर ओढा. फुगलेल्या पोटाला धरू नका. काढल्यावर नखाने टच्चकन फोडण्यात जे सुख आहे, त्यालाही मुका. स्पिरिटच्या बाटलीत टाका.

एवढी काळजी कशाला, तर गोचीड ताप. त्यातला अर्लिकिया नावाचा जंतू व्हिएतनाम युद्धात कुप्रसिद्ध झाला. अमेरिकी लष्कराची अनेक कुत्री तिथे नाकातून रक्त वाहून मेली. रक्तातल्या प्लेटलेट्स ढासळतात, म्हणून हे रक्त. घरच्या कुत्र्याने दोन दिवस जेवण नाकारलं, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, पोटावर लाल ठिपके आले किंवा नाकातून रक्ताचा थेंब आला, तर रविवार संपायची वाट बघू नका. वेळेत धरला तर हा आजार औषधाला दाद देतो.

पिसवांचं थोडक्यात सांगतो. अंगावर दिसतात त्या एकूण वस्तीच्या जेमतेम पाच टक्के. बाकीचा कुटुंबकबिला अंडी, अळ्या आणि कोष होऊन सतरंजीत असतो. कोषातली पिसू पावलांच्या हादऱ्याने आणि उबेने जागी होते. म्हणून गावाहून परतून कुलूप उघडलं की पहिल्या पाच मिनिटांत पायांना चावे! आणि कुत्र्यावरची पिसू बहुतेक वेळा जातीने मांजराचीच निघते.

पण कुत्र्याचं औषध मांजराला लावू नका, हे ठळक टायपात वाचा. कुत्र्यांच्या मानेवर सोडायच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं. मांजराला त्याने झटके येतात, जीवही जातो. कॉली जातीच्या कुत्र्यांची गंमत आणखी वेगळी. त्यांच्यातल्या अनेकांत एका जनुकातला बिघाड असतो, त्यामुळे खरजेवर सर्रास दिलं जाणारं आयव्हरमेक्टिन त्यांच्या मेंदूपर्यंत पोचतं. शेजाऱ्याच्या कुत्र्याला लागू पडलेली चिठ्ठी म्हणूनच आपल्या कामाची नसते.

कपाट उघडा

पाऊस सुरू झाला की आपण घराची काळजी घेतो. कपड्यांत डांबरगोळ्या, फरशीला फिनाईल, उंदरांना औषध, आणि स्वतःला कसकस वाटली की पॅरासिटामोल. माझ्या मते पावसाळ्यात गोचिडाच्या खालोखाल घात करतं ते हे कपाट.

डांबरगोळीतलं नॅप्थलीन तांबड्या पेशी फोडतं. लहान कुत्र्याला किंवा मांजराला एखाद-दुसरी गोळीही भारी पडते, आणि पिल्लांना ती खेळायची गोटी वाटते. फिनाईल काळं असो की पांढरं, मांजरवाल्या घरात नकोच. मांजर फरशी चाटत नाही हे खरं, पण ओल्या फरशीवरून चालून पंजे चाटतं. मांजराच्या यकृतात अशी रसायनं निकामी करणारी एक यंत्रणा फार तोकडी असते. पॅरासिटामोलही तिथेच अडकतं. माणसाची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते. हिरड्या तपकिरी होतात, तोंड आणि पंजे सुजतात. उतारा आहे, पण घड्याळाशी शर्यत असते. ‘अर्धीच दिली होती हो’ म्हणणारी आजी समोर बसलेली असते. तिची माया खोटी नसते, म्हणून तिला ओरडताही येत नाही.

उंदराच्या औषधाची खोडी म्हणजे उशीर. रक्त गोठू न देणारी जी औषधं असतात, ती खाऊनही कुत्रा दोन-तीन दिवस मजेत बागडतो. मग अचानक गळून जातो, कारण आत रक्तस्राव सुरू झालेला असतो. व्हिटॅमिन के-१ हा त्यावरचा उतारा. काळ्या भुकटीचं झिंक फॉस्फाइड मात्र वेगळंच. पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की त्यातून विषारी वायू निघतो. अशा वेळी ‘रिकाम्या पोटी कसं न्यायचं’ म्हणून दूधभात भरवलात, तर आम्ल वाढतं आणि वायूही. काही न भरवता, गाडीच्या काचा उघड्या ठेवून या, आणि पाकीट बरोबर आणा. पाकिटावरचं नाव वाचता आलं की आमचा अर्धा तास वाचतो.

उंदीर स्वतः काय देतो? लेप्टो. त्याच्या लघवीतून जंतू साचलेल्या पाण्यात उतरतो आणि खरचटलेल्या कातडीतून शिरतो, कुत्र्यातही आणि माणसातही. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईने त्याची साथ अनुभवली आहे. कुत्र्यांसाठी याची लस मिळते, पण तिचं बळ वर्षभराचंच, म्हणून ती पावसाच्या तोंडावर घेतलेली बरी. डबक्यातलं पाणी पिण्याची हौस असलेल्या बहाद्दरांसाठी तर नक्कीच. डोळे पिवळे दिसले, तर साफसफाई करताना तुम्हीही हातमोजे घाला.

भजी, कणीस, चिंच

पाऊस म्हटलं की कांदाभजी. कांदा-लसूण कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या पेशी फोडतात आणि तळल्याने हा गुण जात नाही. एका भज्याने आकाश कोसळणार नाही, पण रोज संध्याकाळचा वाटा ठरलेला असेल तर हिशोब वाढत जातो. भाजलेल्या कणसाचे दाणे चालतील, मात्र दाणे संपल्यावर उरलेला दांडा कुत्र्यापुढे टाकणं म्हणजे ऑपरेशनची तारीख घेणं. तो चावला न जाता गिळला जातो, पचत नाही आणि आतड्यात बुचासारखा बसतो. एक्स-रेतही हाडासारखा लख्ख दिसत नाही, तेव्हा ‘कणीस खाल्लंय’ हे आधी सांगा, लाजू नका.

मनुका आणि द्राक्षांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात हे बरीच वर्षं माहीत होतं, कशामुळे ते कळत नव्हतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. आता हे आम्ल ठासून भरलेली आपली लाडकी वस्तू कोणती? चिंच! तेव्हा आमटीतल्या चिंचेचा कोळ आणि कुत्र्याचं भांडं यांत अंतर असू द्या.

मांजराला मात्र श्रीखंडाचा मोह का होत नाही, हे २००५ मध्ये उलगडलं. गोड चव ओळखणाऱ्या जोडगोळीतलं एक जनुक मांजरवंशात, वाघ-चित्त्यांसकट, बंदच पडलेलं आहे. चाटलंच, तर ते त्यातल्या साईसाठी.

थोडं इकडचं तिकडचं

कोरडं नाक म्हणजे ताप नव्हे. कुत्र्याचं तापमान एरवीच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्यामुळे आपल्या हाताला तो कायम तापलेलाच वाटणार. खरं उत्तर थर्मामीटर देतो, आणि तो कुठे लावतात ते विचारून घ्या.

गवत खाणारा कुत्रा आजारीच असतो असंही नाही. कॅलिफोर्नियात मालकांना विचारून केलेल्या पाहणीत गवत खाऊन नेमाने ओकणारे कुत्रे चौथाईहून कमी भरले. पावसाळ्यात प्रश्न गवताचा नसून त्यावर मारलेल्या फवारणीचा असतो.

बागेतला खरखरीत कातडीचा, सुस्त चालीचा बेडूक तोंडात धरला की कुत्र्याच्या तोंडाला फेस येतो. त्या बेडकाच्या कातडीतून विष पाझरतं. तोंडातून पाणी बाहेर वाहील असं, मान खाली करून धुवा. साप चावल्याचा संशय असेल तर काही धुवू नका, बांधू नका, निघा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवरची एकच लस माणसाला आणि कुत्र्याला दोघांनाही चालते. ती घोड्याच्या रक्तापासून बनते, आणि मुंबईतल्या हाफकिनचं नाव या कामात फार जुनं आहे.

सकाळी गाडी काढण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा. इंजिनाच्या उबेला मांजराची पिल्लं झोपलेली असतात. विजेच्या खांबाशी पाय वर करायची सवय चार महिने मोडा. कुत्रा अनवाणी असतो, पाणी असतं, आणि खांबात करंट उतरला तर पहिला झटका त्यालाच. घरात बजरीगर असतील तर नॉनस्टिक तवा रिकामा तापवू नका. त्याचा धूर आपल्याला जाणवायच्या आत पक्षी मरून पडतात. आणि हिरवा मिठू पिंजऱ्यात असेल, तर आजार नंतरची गोष्ट, देशी पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हाच आहे.

भाद्रपद आला की आमचे फोन वाजायला लागतात. माणसाचे कान २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज टिपतात, कुत्र्याचे सुमारे ४५ हजार, मांजराचे तर ६० हजारांच्याही वर. ढोल-ताशाचं पथक त्यांच्या दृष्टीने काय असेल, याचा अंदाज करा. घाबरट कुत्र्यासाठी भीती कमी करणारी औषधं मिळतात, पण वजन, हृदय आणि वय बघून, एकदा आधी देऊन पाहावी लागतात. तेव्हा गणपतीच्या आठवडाभर आधी या. मिरवणूक दारात आल्यावर फोन केलात, तर पलीकडून तुम्ही काय म्हणताय तेही आम्हाला ऐकू येत नाही.