स्लॅबनंतर वीटकाम कधी? कामांची साखळी सॉफ्टवेअरमध्ये बांधताना

घर बांधायला काढलं की इंजिनिअरकडून किंवा ठेकेदाराकडून वेळापत्रक येतं. बहुधा ते एक्सेलमध्ये असतं : डावीकडे कामांची नावं, उजवीकडे तारखा. पावसामुळे जोत्याचं काम आठवडाभर लांबलं, तर खालच्या प्रत्येक ओळीतली तारीख हाताने बदलावी लागते. दोनदा बदलतात, तिसऱ्यांदा कोणी बदलत नाही. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट, किंवा मोफत मिळणारे प्रोजेक्टलिब्रे आणि गॅन्टप्रोजेक्ट यांचा उपयोग इथेच आहे. त्यांत प्रत्येक कामाला किती दिवस लागतील आणि ते कोणत्या कामावर अवलंबून आहे, एवढंच सांगायचं. तारखा सॉफ्टवेअर काढतं.

आधी कागद, मग संगणक

प्रत्येक कामासमोर एकच प्रश्न लिहावा : हे सुरू करायला आधी काय काय संपलेलं हवं? उत्तर साइटवर उभ्या असलेल्या मिस्त्रीकडून घ्यावं. स्लॅबचं काँक्रीट ओतण्याआधी सेंट्रिंग झालेलं हवं, सळई बांधून झालेली हवी, इंजिनिअरने ती तपासलेली हवी. शिवाय वायरिंगचे पाइप आणि पंख्याचे बॉक्स बसलेले हवेत. इलेक्ट्रिशियनचं हे काम थोडक्या वेळाचं, म्हणून यादीतून हमखास गळतं. पण एकदा काँक्रीट पडलं की नंतर छिन्नी-हातोडाच उरतो. काम लहान आहे म्हणून त्याचा दुवा गाळू नये.

काही दुवे निसर्गाचे असतात, काही सोयीचे. कॉलम उभे राहिल्याशिवाय वरचा स्लॅब पडत नाही, हा पहिला प्रकार. खालच्या मजल्याचा गिलावा संपल्यावरच वरचा सुरू होतो, कारण गिलावा करणारी टोळी एकच आहे, हा दुसरा. दुसऱ्या प्रकारच्या दुव्याला टीप जोडून ठेवावी. दुसरी टोळी मिळाली तर तो दुवा तोडून दिवस वाचवता येतात. पहिला कधीच तोडता येत नाही.

चार नाती

बहुतेक दुवे ‘आधीचं संपलं की पुढचं सुरू’ या प्रकारचे असतात. सॉफ्टवेअरमध्ये त्याला एफएस म्हणतात आणि काहीच सांगितलं नाही तर तेच धरलं जातं.

एसएस म्हणजे एक सुरू झालं की दुसरंही सुरू. वीटकाम सुरू झाल्यावर दोन दिवसांनी चौकटी बसवायला घेता येतात, सगळं वीटकाम संपायची वाट पाहावी लागत नाही. एफएफमध्ये शेवट शेवटाला बांधलेला असतो : गिलाव्यावर पाणी मारणं गिलाव्याबरोबरच चालू असतं, पण शेवटची भिंत झाल्यावर ठरलेले दिवस गेल्याशिवाय ते संपत नाही. चौथं नातं एसएफ. कायमच्या मीटरमधून वीज सुरू झाली की बांधकामाचं तात्पुरतं कनेक्शन बंद, हे त्याचं खरं उदाहरण. ते क्वचितच लागतं. आपल्या आराखड्यात ते दिसलं, तर दुवा उलटा जोडला गेला नाही ना, हे आधी पाहावं.

थांबण्याचे दिवस

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. स्लॅब पडल्यावर टेकू लगेच काढता येत नाहीत. साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी आणि १५ अंशांखाली न जाणाऱ्या तापमानासाठी आयएस ४५६ हे भारतीय मानक सांगतं : ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी, त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवसांनी. बीमचे ६ मीटरपर्यंत १४ दिवस, त्यापुढे २१. पीपीसी, म्हणजे मिश्र सिमेंट असेल तर मुदत इंजिनिअरकडून ठरवून घ्यावी. या मधल्या वेळेला सॉफ्टवेअरमध्ये लॅग म्हणतात.

मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टचं मूळ कॅलेंडर सोमवार ते शुक्रवारचं आहे. तिथे साधा १४ दिवसांचा लॅग दिला तर ते कामाचे दिवस मोजतं आणि प्रत्यक्षात १८ ते २० दिवस धरतं. काँक्रीट मात्र रविवारीही घट्ट होत असतं. म्हणून लॅग ‘१४ डी’ ऐवजी ‘१४ ईडी’ असा, म्हणजे सलग दिवसांत लिहावा. स्लॅब बाराव्या ओळीत असेल, तर टेकू काढण्याच्या ओळीत, आधीच्या कामाच्या रकान्यात ‘१२ एफएस+१४ ईडी’ एवढी नोंद होते, ती मात्र इंग्रजी अक्षरांत आणि मधे जागा न सोडता. मजुरांचं कॅलेंडरही साइटप्रमाणे बदलून घ्यावं. कित्येक गावांत रविवारऐवजी आठवडी बाजाराला सुट्टी असते.

स्लॅबवर पाणी मारणं मात्र लॅगमध्ये लपवू नये, असं माझं ठाम मत आहे. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटला किमान १० दिवस पाणी मारायचं असतं. त्याची वेगळी ओळ, सातही दिवसांचं कॅलेंडर आणि समोर एका माणसाचं नाव हवं. लॅगला जबाबदार माणूस नसतो, आणि उन्हाळ्यात कोरडा राहिलेला स्लॅब पुढे भेगा दाखवतो.

तारीख टाइप करण्याचा मोह

मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये सुरुवातीच्या रकान्यात तारीख टाइप केली की ‘याआधी सुरू नको’ अशी अट त्या कामाला चिकटते. मग आधीचं काम लवकर संपलं तरी हे काम अलीकडे सरकत नाही. छत जूनआधी व्हायलाच हवं असेल, तर ती तारीख डेडलाइन म्हणून नोंदवावी. ती काम अडवत नाही, मुदत हुकली तर खूण दाखवते. २०१० च्या आवृत्तीपासून नवी कामं आपोआप हाताने तारखा ठरवण्याच्या पद्धतीत येतात. ती ऑटो करून घेतल्याशिवाय दुवे तारखा हलवत नाहीत.

सर्वांत लांब साखळी

ड्यूपाँ कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी १९५७ च्या सुमारास कारखाने उभारण्यासाठी क्रिटिकल पाथची पद्धत बसवली. जिच्यातलं एक काम एक दिवस लांबलं तरी सगळं घर एक दिवस लांबतं, अशी साखळी म्हणजे क्रिटिकल पाथ. खिडक्यांच्या ग्रिल चार दिवस उशिरा आल्या तरी कदाचित बिघडत नाही; जोतं लांबलं तर बिघडतं. पण हे उत्तर दुवे पूर्ण असतील तरच खरं. पहिलं आणि शेवटचं सोडून प्रत्येक कामाला आधीचं एक आणि नंतरचं एक काम जोडलेलं हवं. ‘पहिला मजला’ अशा शीर्षक-ओळींना दुवे न देता त्यांखालच्या प्रत्यक्ष कामांनाच द्यावेत.

आराखडा तयार झाल्यावर जोत्याचे दिवस मुद्दाम दहाने वाढवून पाहावेत. त्यानंतरची जी कामं जागची हलली नाहीत, त्यांची यादी करून मिस्त्रीसमोर बसावं आणि प्रत्येकाचा दुवा खरंच नाही की राहून गेला, हे विचारावं. मग दहा दिवस परत कमी करावेत.