बबूनांचे रक्त आणि टोळीची रीत
केनियातील मसाई मारा परिसरात रॉबर्ट सापोल्स्की यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून बबून माकडांच्या टोळ्या अभ्यासल्या. फुंकनळीतून भुलीचा बाण मारायचा, माकड निपचित पडले की रक्त घ्यायचे आणि त्यातील कॉर्टिसॉल मोजायचे. स्थिर टोळीत तळाच्या नरांमध्ये हे तणाव-संप्रेरक एरवीही चढलेले आढळे. वरच्यांची दांडगाई त्यांच्याच वाट्याला येई. १९८० च्या दशकाच्या मध्यास एका टोळीतले आक्रमक नर पर्यटक निवासाच्या उकिरड्यावरचे क्षयबाधित मांस खाऊन मेले. उरले सौम्य नर आणि माद्या. छळ घटला, तळाच्या नरांमधील तणावाची लक्षणेही ओसरली. खरे नवल पुढेच आहे. १९९३ पर्यंत त्या जुन्या नरांपैकी कोणीच टोळीत नव्हते, तरी बाहेरून आलेल्या नरांनी हीच शांत रीत उचलली होती.