परवाना परत मिळतो तेव्हां

येरवड्याच्या आमच्या घरीं जिन्याखालीं एक स्कूटर तीन महिने उभी होती. पावसाळ्याचे दिवस होते. तिच्यावर जुन्या चादरीचें पांघरूण घातलें होतें आणि घरांतील लहान मुलें त्या पांघरुणाआड लपंडाव खेळत. स्कूटर नादुरुस्त नव्हती. ती चालविणारा आमचा पुतण्या मात्र तेवढ्या काळापुरता कायद्याच्या दृष्टीनें अपात्र ठरला होता. गुंजन चौकांत तांबडा दिवा असतां, कानाशीं मोबाईल धरून, हे चिरंजीव पुढें निघाले. पलीकडे उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसानें गाडी अडविली, परवाना काढून घेतला आणि हातांत पावती ठेवली.

अशा प्रसंगीं घरोघर जें होतें तेंच आमच्याकडे झालें. भावजय म्हणाली, "भाऊजी, दंड भरून मोकळे व्हा." बंधु म्हणाले, "कोणी ओळखीचें निघतें का पाहूं." चिरंजीवांचें म्हणणें असें कीं, "तात्या, कार्ड गेलें तरी त्याची प्रत मोबाईलमध्यें आहे. कोण विचारणार?" तिघांचेंहि म्हणणें चूक होतें हें आम्हांस पुढें कळलें. त्या वेळीं आम्हीहि गप्पच बसलों.

दंड भरणें आणि परवाना निलंबित होणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९८८ च्या मोटर वाहन कायद्यांत २०१९ सालीं मोठी दुरुस्ती झाली. तिच्या अन्वयें अतिवेग, धोकादायक रीतीनें गाडी हांकणें, मद्यप्राशन, शर्यत, शिरस्त्राण न घालणें, दुचाकीवर तिघांनीं बसणें, रुग्णवाहिकेस वाट न देणें अशा अपराधांचा सबळ संशय असेल तर पोलिसानें परवाना घेऊन तो परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे पाठवावयाचा असतो. तांबडा दिवा ओलांडणें व हातांत मोबाईल धरून गाडी चालविणें हीं दोन्ही धोकादायक हांकण्यांतच मोडतात. बदली मिळणारी पावती म्हणजे परवाना नव्हे. तिच्यावर गाडी चालवितां येत नाहीं. पुढें तो अधिकारी नोटीस देतो, म्हणणें ऐकतो, आणि अपराध मान्य झाल्यास पहिल्या वेळीं तीन महिन्यांची अपात्रता व दुसऱ्या वेळीं परवानाच रद्द, असा आदेश देऊं शकतो. मोबाईलमधील प्रतीचा उपयोग नाहीं, कारण खरी नोंद सरकारच्या संगणकांत असते आणि तेथें परवाना निजलेला असतो.

संगमपुलाजवळच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयांत सुनावणी झाली. चिरंजीवांनीं लेखी खुलासा नेला होता. त्यांत 'घाई' हा शब्द चार वेळां आला होता, त्यांतले तीन आम्हीं खोडले. आदेश तीन महिन्यांचा निघाला. तीस दिवसांच्या आंत अपील करण्याची सोय होती. आम्हीं तें केलें नाहीं, कारण दिवा तांबडा होता.

आतां जें सांगावयाचें आहे तें सांगण्यास जड जातें. श्रावणांतल्या एका रात्रीं आमच्या मातोश्रींस दम लागला. वय नव्वदीच्या घरांतलें. ओढण्याचें औषध नेमकें संपलेलें. पावसामुळें रिक्षा मिळेना. पुतण्या म्हणाला, "तात्या, किल्ली द्या, चौकांतून औषध घेऊन येतों." आम्हीं किल्ली दिली. पाऊण तासाच्या वाटेल इतक्या लांब पंधरा मिनिटांनीं तो भिजून परत आला, आईचा श्वास स्थिरावला, आणि घरांत कोणी त्या गोष्टीचा पुन्हां उल्लेख केला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं कायदा काढून बसलों. अपात्र असतां गाडी चालविणारास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, अथवा दोन्ही. परवाना नसलेल्याच्या हातीं गाडी देणाऱ्या मालकासहि तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पांच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही. स्कूटर आमच्या नांवावर आहे. शिवाय चालक अपात्रतेच्या काळांत असेल तर विमा कंपनीस आपली जबाबदारी नाकारतां येते. न्यायालयानें जखमी माणसास भरपाई द्यावयास लाविली तरी ती रक्कम पुढें मालकाकडून वसूल होऊं शकते. त्या पावसांत एखादें पोर गाडीसमोर आलें असतें तर? रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक आमच्या भिंतीवरच लिहिलेला होता. तो आम्हांस सुचला नाहीं, किल्ली सुचली.

हें लिहितांना आमच्याच गांवची एक गोष्ट डोळ्यांपुढें येते. १९ मे २०२४ च्या पहाटे शेजारच्या कल्याणीनगरांत सतरा वर्षांच्या एका मुलाच्या भरधाव मोटरीनें दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा प्राण घेतला. गुन्हा येरवडा पोलिस ठाण्यांत नोंदला गेला. बाल न्याय मंडळानें त्याच दिवशीं जामीन देतांना अपघातावर तीनशें शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली, तेव्हां देशभर संताप उसळला. २२ मे रोजीं त्यास निरीक्षणगृहांत पाठविण्यांत आलें व २५ जूनला उच्च न्यायालयानें सोडलें. आयुष्यभर मुलांना निबंध घालीत आलेल्या आम्हां मास्तरांस ती अट वाचून मान खालीं घालावी लागली. तीनशें शब्द आम्ही सहावीच्या वर्गास पावसावर लिहावयास देत असूं.

त्या मुलाचा परवाना परत मिळण्याचा प्रश्नच नव्हता, कारण तो त्यास कधीं मिळालाच नव्हता. १,७५८ रुपये शुल्क भरलें नाहीं म्हणून मोटरीची कायम नोंदणीहि झालेली नव्हती. २०१९ च्या दुरुस्तीनें अशा मुलास पंचवीस वर्षें पूर्ण होईपर्यंत परवाना नाकारला आहे, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द करावयाची आहे, आणि ज्या पालकानें वा मालकानें गाडी दिली त्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड सांगितला आहे. लोकांस हें नवें वाटलें. नवें नाहीं. कौटिलीय अर्थशास्त्राच्या कंटकशोधन नांवाच्या चौथ्या अधिकरणांत स्पष्ट म्हटलें आहे कीं हांकणारा अल्पवयी असेल तर गाडींत बसलेला मालक दंडास पात्र. मालक नसेल तर जो बसला असेल तो. आणि पोराच्या हातीं असलेली गाडी राजानें जप्त करावी. मनुस्मृतींतहि, हांकणाऱ्याच्या अडाणीपणानें गाडी भलतीकडे जाऊन हिंसा झाली तर दंड मालकास आहे. बैलगाडीच्या काळीं ज्यांनीं हें लिहिलें त्यांस ठाऊक होतें कीं गाडी सुटते ती घरांतून.

तीन महिने संपले म्हणजे परवाना आपोआप जागा होतो अशी समजूत आहे, तीहि खरी नाहीं. २०१९ पासून कायद्यानें उजळणीचा शिक्षणक्रम सांगितला आहे. तो पुरा केल्यावांचून असा परवाना परत करावयाचा नाहीं. ज्याच्या धोकादायक हांकण्यानें कोणी मेलें वा जबर जखमी झालें आणि न्यायालयानें परवाना निलंबित केला, त्यास तर मुदतीनंतर चालविण्याची परीक्षा पुन्हां द्यावी लागते, वैद्यकीय दाखलाहि आणावा लागतो. कार्यालयाबाहेर उभे असणारे दलाल "दोन दिवसांत काम करून देतों" म्हणतात. आमच्या बंधूंस तें पटूं लागलें होतें. त्यांस हात धरून घरीं आणावें लागलें.

चिरंजीवांनीं शिक्षणक्रम पुरा केला. तेथें काय शिकविलें असें विचारतां म्हणाले, "सगळें ठाऊकच होतें." मग थोड्या वेळानें म्हणाले, "तात्या, त्या रात्रीं औषध आणतांना गुंजन चौकांतला दिवा बंद होता. मी थांबलों नाहीं." आम्हीं कांहीं बोललों नाहीं. आईहि आंतून ऐकत होती.

संगणकांतील नोंद मोकळी झाली त्या दिवशीं आम्हीं किल्ली स्वतः त्याच्या हातावर ठेवली. पांघरूण काढलें तों खालीं मुलांच्या दोन गोट्या आणि एक चप्पल निघाली. स्कूटर सुरू होईना; तीन महिन्यांत बॅटरी पार उतरली होती आणि मागच्या चाकांत हवा नव्हती. त्यानें ती हातानें ढकलत कोपऱ्यावरच्या गॅरेजपर्यंत नेली. आम्ही छत्री घेऊन मागें गेलों.