लुंबिनी ते काठमांडू : पाठीवर सॅक, सोबत बावीस प्रतिज्ञा

प्रवासाला निघण्याच्या आदल्या दिवशी आमच्यातील एका मित्राच्या हातावर त्याच्या ऑफिसातल्या सहकाऱ्याने १०१ रुपये ठेवले. म्हणाला, "काठमांडूला जातोच आहेस, तर पशुपतिनाथाला माझ्या नावाने एवढे वाहा. येताना प्रसाद आण." मित्राने पैसे खिशात घातले. नाही म्हणणे त्याच्या जिभेवर आले नाही. सहकारी मनाने चांगला. अडल्यानडल्याला ड्युटी बदलून देणारा, मुलीच्या ॲडमिशनच्या वेळी दोन दिवस सोबत फिरलेला. ते १०१ रुपये लुंबिनी, काठमांडू, कुशीनगर, सारनाथ असे आमच्याबरोबर सगळीकडे फिरले आणि जसेच्या तसे परत आले. पण येताना आम्हाला एक धडा देऊन गेले. तो समाजबांधवांपुढे मांडावा, म्हणून हा लेखप्रपंच.

आम्ही सहा मित्र. कोणी बसचा कंडक्टर, कोणी शिक्षक, कोणी इस्पितळात वॉर्डबॉय, एक रिक्षावाला, उरलेले आम्ही दोघे कारकून. सगळे चाळिशीच्या पुढचे, दर रविवारी वस्तीतल्या विहारात एकत्र बसणारे. १९५६ च्या नोव्हेंबर महिन्यात परमपूज्य बाबासाहेब ज्या वाटेने गेले, ती वाट एकदा डोळ्यांनी पाहावी, असे विहारात बोलता बोलता ठरले. दीड वर्ष भिशी लावली. हॉटेलची चैन नाही, टूरवाल्याची गाडी नाही. पाठीवर एकेक सॅक, मिळेल ती बस आणि परवडेल तो लॉज. हिशेबाची वही अर्थात आमच्याकडे आली.

घरच्या मंडळींना हे फारसे रुचले नाही. "पुरुषांनी फिरायचं आणि आम्ही दशम्या-चटण्या बांधून द्यायच्या!" असे एका वहिनींनी तोंडावर सुनावले. त्याला आमच्याकडे उत्तर नव्हते. रिक्षावाल्या मित्राच्या आईंनी मात्र वेगळेच सांगितले. आईंना लिहिता-वाचता येत नाही, पंचाहत्तरी केव्हाच उलटली आहे. त्या म्हणाल्या, "माती-बिती काय आणू नका रं. तिथं दगडावर काय लिवलंय तेवढं नीट वाचून या आन् मला सांगा."

सीमेपलीकडे

मुंबईहून कुशीनगर एक्सप्रेसने गोरखपूर गाठले. तिथून सुनौलीपर्यंत बस. सुनौलीची कमान पायीच ओलांडली की नेपाळ. भारतीयांना व्हिसा लागत नाही. मात्र पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ हवे, आधार कार्डाच्या भरवशावर निघू नये. आपल्या १०० रुपयांचे नेपाळचे १६० होतात आणि घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करावे लागते. पलीकडच्या भैरहवा गावातून लुंबिनी वीस-बावीस किलोमीटर. दोन्ही बाजूंना भाताची कापणी चाललेली, खळ्यावर बायाबापड्या राबत होत्या. राजपुत्र सिद्धार्थाने नांगरामागे राबणारी माणसे पाहिली ती याच मातीत, हे मनात आले आणि बसमधली आमची बडबड आपोआप थांबली.

लुंबिनीचा दगड

मायादेवी मंदिरात जन्मस्थानाची खूण म्हणून एक शिळा काचेखाली जपली आहे. बाहेर तलाव आणि त्याच्या बाजूला सम्राट अशोकाचा स्तंभ. शेकडो वर्षे या जागेचा जगाला विसर पडला होता. १८९६ साली स्तंभावरचा लेख उजेडात आला आणि बुद्धजन्माच्या जागेवर शिक्कामोर्तब झाले. १९६७ साली संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस, ब्रह्मदेशाचे ऊ थांट इथे आले आणि जागेची उपेक्षा पाहून कळवळले. त्यानंतर विकासाची चक्रे फिरली. जपानी वास्तुविशारद केंझो टांगे यांचा आराखडा १९७८ साली मंजूर झाला. मधोमध लांबच लांब कालवा, एका बाजूला थेरवादी देशांची विहारे आणि दुसऱ्या बाजूला महायानी देशांची. १९९७ साली युनेस्कोने लुंबिनीला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

आम्ही आईंचा निरोप विसरलो नव्हतो. लेखाची ब्राह्मी लिपी आम्हाला कुठून वाचता येणार? पण त्याचा अर्थ शिक्षक मित्राने घरूनच लिहून आणला होता. राज्याभिषेकाला वीस वर्षे झाल्यावर राजा स्वतः इथे आला. शाक्यमुनी बुद्ध इथे जन्मले म्हणून त्याने पूजा केली, शिलास्तंभ उभारला. लुंबिनी गावचा बळी हा कर माफ केला आणि पिकातला राजाचा हिस्सा आठव्या भागावर आणला. आम्ही ते दोनदा वाचून काढले आणि वहीत उतरवून घेतले.

दुसऱ्या दिवशी पश्चिमेला तिलौराकोटला गेलो. नेपाळात हेच कपिलवस्तू मानतात. आपल्याकडे उत्तर प्रदेशातील पिपरहवाचे नाव घेतले जाते. वाद विद्वानांवर सोपवून आम्ही विटांच्या जुन्या तटाच्या कडेने हिंडलो. तिथे शिक्षक मित्राने उपालीची गोष्ट काढली. उपाली हा शाक्यांचा न्हावी. शाक्य राजपुत्र प्रव्रज्या घ्यायला निघाले, तेव्हा त्यांनीच भगवंतांना विनंती केली की आमच्या आधी उपालीला दीक्षा द्या, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा कुळाचा ताठा मोडेल. तोच उपाली पुढे विनयाचा सर्वश्रेष्ठ जाणकार ठरला. ही गोष्ट आम्ही विहारात अनेकदा ऐकली होती. पण त्या विटांजवळ उभे राहून ऐकताना अंगावर काटा आला.

काठमांडूतली रात्र

लुंबिनीहून काठमांडू म्हणजे दिवसभराची बस. त्रिशूली नदीच्या कडेने वळणांचा घाट, उखडलेला रस्ता. वॉर्डबॉय मित्राचे पोट बिघडले, तिघांच्या कंबरा धरल्या. आम्ही कुरकुर करू लागलो, तेव्हा कंडक्टर मित्र म्हणाला, "बाबा इथं आले तेव्हा पासष्ट वर्षांचे होते आणि मधुमेहानं पार थकले होते. आपण कशाला रडतोय?" पुढे कोणी चकार शब्द काढला नाही.

१५ नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडूत जागतिक बौद्ध परिषदेचे चौथे अधिवेशन सुरू झाले. उद्घाटन राजे महेंद्र यांनी केले. बाबासाहेबांसोबत माईसाहेब होत्या. नागपूरच्या धम्मदीक्षेला जेमतेम महिना झाला होता. २० नोव्हेंबरला बाबासाहेबांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर जगभरच्या प्रतिनिधींपुढे भाषण केले. दुःख आणि शोषण नाहीसे करण्याचे ध्येय दोघांचेही असले, तरी हिंसेचा आणि हुकूमशाहीचा मार्ग टिकणारा नाही, माणसाचे मन बदलणारा बुद्धाचा मार्गच टिकेल, असा त्याचा आशय.

त्याच शहरात लॉजच्या खोलीत रात्री आमचीही परिषद भरली. विषय : १०१ रुपये. सकाळी पशुपतिनाथाच्या बाजूनेच जायचे होते.

मित्र म्हणाला, "मी काही हात जोडणार नाही. पोस्टमन मनिऑर्डर देतो तसं पैसे टाकून येईन. त्यात माझी प्रतिज्ञा कुठं मोडते?"

कंडक्टर मित्र उसळला, "आणि प्रसाद? तो पण पोस्टमन आणणार?"

"अरे, तो माणूस माझ्या किती कामाला आलाय! त्याचं मन कसं मोडू?"

शिक्षक मित्र म्हणाला, "मन मोडू नकोच. पण हे पैसे घेताना खरं बोलला असतास, तर आज हा पेच पडलाच नसता."

रात्री बारा वाजेपर्यंत खल चालला. शेवटी ठरले की आधी स्वयंभूला जायचे, मग काय ते बघू.

स्वयंभूच्या ३६५ पायऱ्या चढताना छाती भरून आली. वर पांढरा स्तूप आणि त्याच्यावरून चारही दिशांना पाहणारे बुद्धाचे डोळे. पण त्याच आवारात हारिती देवीचे मंदिर, तिथे पूजा आणि नवसाची गर्दी. बौद्ध आणि हिंदू एकाच रांगेत. दुपारी बसंतपूरला कुमारी घर पाहिले. जिवंत देवी म्हणून पुजली जाणारी ही लहान मुलगी बौद्ध शाक्य कुळातूनच निवडतात. काठमांडूच्या खोऱ्यातील नेवार समाजात बौद्ध धम्म शतकानुशतके जिवंत राहिला, हे त्यांचे थोर कार्य. पण पुरोहितपण शाक्य आणि वज्राचार्य या कुळांत वंशपरंपरेने राहिले. १८५४ च्या मुलुकी ऐन कायद्याने तर बौद्धांसह साऱ्या प्रजेला जातीच्या उतरंडीत कायद्यानेच बसवले. उपालीला पुढे करणाऱ्या शाक्यांचे नाव पुढे एका जातीचे नाव झाले!

नेपाळात हे सगळ्यांनी निमूट मान्य केले, असे मात्र नाही. थेरवादी भिक्खूंनी सर्व जातींना संघाची दारे उघडली. राणा राजवटीने १९४४ साली आठ भिक्खूंना देशाबाहेर घालवले, तरी ते मागे हटले नाहीत. १९६३ च्या नव्या कायद्याने जातीवरून चालणाऱ्या भेदभावाची कायदेशीर मान्यता काढून घेतली.

त्या संध्याकाळी चहा पिताना मित्र आपणहून म्हणाला, "आता कळलं, बाबांनी बावीस प्रतिज्ञा का दिल्या ते. नुसतं 'बुद्धं सरणं' म्हटलं असतं आणि जुनी दारं उघडी ठेवली असती, तर धम्म राहिला असता आणि जातही राहिली असती." त्याने १०१ रुपये पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवले. पशुपतिनाथाकडे आम्ही गेलो नाही.

इथे आम्ही स्वतःलाही विचारले, की आपण नेवार बांधवांकडे बोट दाखवावे एवढे स्वच्छ आहोत काय? आपल्यातील किती घरांत आजही पोटजात विचारल्याशिवाय सोयरीक जमत नाही? किती कपाटांत बुद्धाच्या फोटोमागे जुना देव लपलेला आहे? प्रतिज्ञा पाठ आहेत. पण खिशातले १०१ रुपये प्रत्येकाचे वेगवेगळे आहेत.

परतीची वाट

काठमांडूहून परतताना बाबासाहेब बनारसला थांबले, तिथे विद्यार्थ्यांपुढे बोलले, सारनाथ आणि कुशीनगरला गेले आणि ३० नोव्हेंबरला दिल्लीत परतले. आम्ही सुनौलीमार्गे आधी कुशीनगर गाठले. महापरिनिर्वाण मंदिरातील तथागतांची पहुडलेली मूर्ती सहा मीटरहून लांब आहे. पायांकडून पाहिली की चेहरा शांत झोपलेला वाटतो. आम्ही सहाही जण भिंतीला टेकून बसलो. बाबासाहेब इथून गेले त्यानंतर काही दिवसांतच ६ डिसेंबर उजाडला, ही गोष्ट कोणी बोलले नाही. पण सगळ्यांच्या डोळ्यांत ती होती. मग सारनाथचा धमेक स्तूप, १९३१ साली उघडलेले मूलगंधकुटी विहार, संग्रहालयातील सिंहशीर्ष पाहून वाराणसीहून महानगरी एक्सप्रेस धरली. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर पाणीवाटपाची आमची पाळी होती, ती चुकली नाही.

परतल्यावर मित्राने सहकाऱ्याला पैसे परत केले. म्हणाला, "माफ करा, तेव्हाच सांगायला हवं होतं. मी बौद्ध आहे, हे माझ्याकडून होणार नाही. तुमच्याबद्दल मनात आदर तेवढाच आहे." सहकारी दोन दिवस घुम्यासारखा वागला. तिसऱ्या दिवशी डबा खाताना त्यानेच विचारले, "बरं, ते लुंबिनी कसं आहे रे?" मित्राने अर्धा तास सांगितले.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी दोन शब्द. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा चांगली. गरम कपडे न्यावेत. भारतीय शंभराच्या नोटा सोबत ठेवाव्यात. लुंबिनीच्या कोरियन विहारात प्रवाशांची साधी सोय होते. तिथे विहाराची शिस्त पाळावी, जाताना दान द्यावे. आणि पुरुषांनी एकट्याने जाऊ नये. ही चूक आम्ही केली. आता नवी भिशी सुरू केली आहे, तिची वही वहिनींच्या हाती आहे. पुढच्या वेळी बोधगयेला सहकुटुंब जायचे. १९४९ च्या कायद्याखालील महाबोधी विहाराचा लढाही मुलाबाळांनी तिथे उभे राहून समजून घ्यायला हवा.

राहिला आईंचा निरोप. घरी पोचल्याच्या संध्याकाळी आम्ही सगळे त्यांच्यापुढे बसलो आणि स्तंभावरचा लेख वहीतून वाचून दाखवला. आईंनी पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाल्या, "म्हंजी राजा आला, नमस्कार केला आन् जाताना गरिबाच्या डोईवरचं वझं कमी करून गेला. आसं दर्शन घ्यावं बाबांनो. तुमी जाऊन कुणाचं वझं कमी केलं?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. भिशीतून उरलेले दोन हजार तीनशे रुपये वहीत शिल्लक दिसत होते. वस्तीतल्या अभ्यासिकेची दोन महिन्यांची वीजबिले थकली होती. ती दुसऱ्याच दिवशी भरली.

जयभीम! नमो बुद्धाय!