मोटारीच्या एंजिनांतील तेल केव्हां बदलावें?

आपल्या मासिकाच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या दारांत आतां बैलगाडीच्या जागीं मोटार, जीप किंवा मालवाहू टेम्पो उभा असतो. बैलाला पाणी केव्हां दाखवावें, पत्री केव्हां मारावी, हें घरांतील पोरासहि ठाऊक असे. परंतु मोटारीच्या पोटांतील तेल केव्हां बदलावें, असा प्रश्न चार जाणत्या मंडळींत टाकला तर चार उत्तरें येतात. गेल्या गळीत हंगामांत शाहूपुरींत एका तेलाच्या दुकानीं बसलों असतां हा वाद प्रत्यक्ष ऐकावयास मिळाला. एक गृहस्थ म्हणाले, ५,००० किलोमीटर झाले कीं तेल काढलेंच पाहिजे. वडिलांपासून आमचा हाच शिरस्ता आहे. दुसरे म्हणाले, कंपनीच्या पुस्तकांत १०,००० छापलें असतां निम्म्यावर चांगलें तेल ओतून देणें हा निव्वळ अपव्यय होय. तिसऱ्यांचें मत, तेल काळें झालें कीं बदलावें, आंकडे हवेत कशाला? दुकानदार मात्र हंसत होते. कारण कोणतेंहि मत खरें ठरलें तरी डबा त्यांचाच खपणार!

हा वाद शाहूपुरींत व्हावा यांत नवल नाहीं. छत्रपति शाहू महाराजांनीं १८९५ सालीं वसविलेली ही पेठ गुळाच्या व्यापारावर वाढली, आणि रेल्वे स्टेशन शेजारींच असल्यामुळें गाड्यांची वर्दळ तिला नवी नव्हे. गुळाचा बाजार पुढें मार्केट यार्डांत गेला. तरी खेड्यांतला माणूस आजहि कामाधामासाठीं या पेठेंत येतोच. शिवाय शिवाजी उद्यमनगरांतील ओतशाळा व एंजिनांचे कारखाने, आणि १९४६ सालीं पुण्यास निघालेला किर्लोस्करांचा ऑइल एंजिनांचा कारखाना, यांमुळें या भागांतील कित्येक घराण्यांना एंजिनाची ओळख मोटारीच्या पुष्कळ आधीं विहिरीवर व गुऱ्हाळांत झाली. त्या एंजिनावर बसणारा गडी तेल बदलण्याचा हिशेब तासांनीं करी. एंजिन एका जागीं उभें. त्याला मैल कुठले? माझ्या मतें तोच हिशेब खरा होता, आणि मोटार आल्यावर आपण तो विसरलों.

तेलाचें काम केवळ वंगणाचें आहे अशी सामान्य समजूत आहे. वस्तुतः घर्षण कमी करणें, पिस्टनाची उष्णता वाहून नेणें, रिंगा व सिलिंडर यांमधील फट बंद राखणें, गंज न लागूं देणें, आणि जळणापासून उत्पन्न होणारी घाण आपल्या अंगांत सामावून घेणें, इतकीं कामें त्या साडेतीन-चार लिटर तेलाकडून घ्यावयाचीं असतात. तेल मुळांत लवकर नासत नाहीं. नासते ती त्यांत घातलेलीं द्रव्यें. घाण धरून ठेवणारीं व आम्ल मारणारीं हीं द्रव्यें हळूहळू खर्चून जातात, आणि तीं संपल्यावर उरलेलें तेल दिसावयास तेलच असलें तरी निम्मीं कामें करीत नाहीं.

आतां घाण येते कोठून, हें पाहूं. पुष्कळांस आश्चर्य वाटेल, पण १ लिटर पेट्रोल जळलें कीं सुमारें १ लिटर पाणी तयार होतें. डिझेलचीहि गोष्ट जवळजवळ तीच. तें वाफेच्या रूपानें धुराड्यांतून निघून जातें म्हणून आपणांस दिसत नाहीं. सकाळीं गाडी चालूं करतांना धुराड्याच्या तोंडाशीं जे थेंब ठिबकतात ते त्याचेच. एंजिन थंड असलें कीं या वाफेचा थोडा भाग, तसेंच न जळलेलें थोडें पेट्रोल, रिंगांच्या फटींतून खालच्या तेलांत उतरतें. एंजिन नीट तापून तेल शंभर अंशांच्या आसपास पोंचलें आणि तसें कांहीं वेळ चाललें, तर हें पाणी व पेट्रोल पुन्हा उडून जातें. परंतु पाणी तापल्याचा कांटा वर आला म्हणजे तेलहि तापलें असें नव्हे. तेलाला पंधरावीस मिनिटें अधिक लागतात. चार किलोमीटरांवरच्या गांवाहून पेठेंत येऊन गाडी बंद करणाऱ्याच्या एंजिनांत तेल कधीं पुरतें तापतच नाहीं. अलीकडे, २०२५ सालापर्यंत, पेट्रोलमध्यें २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा क्रम देशांत पुरा झाला. तें आपल्याच उसापासूनहि बनतें, ही आनंदाची गोष्ट. पण इथेनॉल पाण्याशीं सहज मिसळतें, म्हणून थंड एंजिनाच्या तेलांत तें जितकें कमी सांचेल तितकें बरें.

यावरून किलोमीटरांचा आंकडा किती फसवा आहे तें थोड्या गणितानें कळेल. एक गाडी कोल्हापुराहून पुण्यास जाते-येते असें समजा. एका बाजूचें अंतर सुमारें २३० किलोमीटर. तेव्हां २२ फेऱ्यांत १०,००० किलोमीटर होतात. ताशीं ५५ चा वेग धरला तर एंजिन सुमारें १८० तास चाललें, आणि तें बहुतेक वेळ तापलेलें होतें. दुसरी गाडी रोज दोनदां चार किलोमीटरांवरच्या पेठेंत जाऊन येते. म्हणजे दिवसाकाठीं १६ किलोमीटर. तिला तेवढेच १०,००० किलोमीटर व्हावयास ६२५ दिवस, म्हणजे एक वर्ष साडेआठ महिने लागतील. एंजिन अडीच हजार वेळां चालूं होईल, आणि गर्दींतून ताशीं २० च्या वेगानें तें ५०० तास चाललेलें असेल. मीटरावर दोन्ही गाड्या सारख्याच. पण आंतील तेलाची दशा मुळींच सारखी नाहीं.

ही दुसरी गाडी काल्पनिक नाहीं. ती आमच्याच घरची. पहिल्या वर्षाची तपासणी झाल्यावर चौदा महिन्यांत ती जेमतेम ५,००० किलोमीटर चालली होती. सबब तेल बदलण्याची वेळ अजून फार दूर आहे असें मानून मी निश्चिंत होतों. थंडीच्या दिवसांत एकदां तेल ओतण्याचें झांकण उघडलें, तों त्याच्या आंतल्या बाजूस दुधाच्या चहावर धरावी तशी पिवळट साय जमलेली. तीं पाण्याचीं लक्षणें होतीं. पण मला तें कळलें नाहीं. ओळखीच्या एका मिस्त्रीस विचारतां त्यानें डिझेल घालून एंजिन धुवून काढण्याचा सल्ला दिला, व मीं तो मानला. परिणाम असा झाला, कीं आंत ठिकठिकाणीं चिकटलेला गाळ एकदम सुटून तेल ओढणाऱ्या जाळीवर बसला. आठ दिवसांनीं, ऊसतोडणी ऐन भरांत असतां, संध्याकाळीं रस्त्यावर तेलाचा तांबडा दिवा लागला. घर दीड किलोमीटरांवर होतें. एवढ्यानें काय होतें असें म्हणून मी तसाच घरीं गेलों. त्या दीड किलोमीटरांत बेअरिंगें गेलीं. एंजिन पुरें उघडावें लागलें, गाडी महिनाभर बंद राहिली, आणि त्या खर्चांत पुढील कित्येक वर्षांचें तेल आलें असतें. दोष सर्वस्वीं माझा. तांबडा दिवा लागतांच एंजिन जागच्याजागीं बंद करावयाचें असतें, घर कितीहि जवळ असलें तरी. डिझेलनें एंजिन धुण्याची चाल तर अगदीं सोडून द्यावी.

तेल काळें होण्याविषयींचें तिसरें मतहि तपासून पाहिलें पाहिजे. डिझेलच्या एंजिनांत नवें तेल घातल्यावर तें थोड्याच दिवसांत काळें होतें. कारण डिझेलची काजळी धरून ठेवणें हें त्याचें कामच आहे. काळें झालेलें तेल काम करीत आहे, एवढेंच त्यावरून सिद्ध होतें. बोटांवर चोळून चिकटपणा पाहणाऱ्या मिस्त्र्यांचा मी अनादर करीत नाहीं; पण खर्चलेलीं द्रव्यें बोटांना कळत नाहींत. पट्टीवर पाहण्यासारख्या खुणा निराळ्या आहेत. तेल दुधाळ दिसलें तर पाणी. पेट्रोलचा वास आला तर कच्चें पेट्रोल. आणि तेलाची पातळी खालीं जाण्याऐवजीं वर चढूं लागली तर जळण मिसळत आहे असें समजावें. १ एप्रिल २०२० पासून लागूं झालेल्या बी. एस. ६ नियमाच्या डिझेल गाड्यांत धुराड्यांतील काजळीची गाळणी मधून मधून आपोआप जाळून साफ होते. गाडी सदा थोड्या अंतरावर फिरली, तर त्या वेळीं सोडलेलें जास्तीचें डिझेल तेलांत उतरून पातळी वाढते. पातळी वाढली म्हणून समाधान मानणारे लोक मीं पाहिले आहेत!

मग ५,००० चा शिरस्ता आला कोठून? प्रारंभींच्या मोटारींत साधें खनिज तेल घालीत, व तें हजार मैलांच्या आंतबाहेर बदलीत. घाण धरून ठेवणारीं द्रव्यें तेलांत सर्रास मिसळूं लागलीं तीं दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास व नंतर. तेव्हां मुदत वाढून ३,००० मैलांवर, म्हणजे आपल्या सुमारें ५,००० किलोमीटरांवर आली. आपल्याकडील डिझेलमध्यें गंधकहि पुष्कळ असे, आणि गंधकापासून आम्ल होतें. बी. एस. २ च्या काळीं डिझेलच्या दहा लक्ष भागांत गंधकाचे ५०० भाग चालत. २०२० पासून केवळ १० चालतात. जळण स्वच्छ झालें, तेल सुधारलें, म्हणून वडिलांचा आंकडा आज सर्वांस लागूं नाहीं. पण वडिलांचा रस्ता मात्र कित्येकांस अजून लागूं आहे: धुळीची पाणंद, उसाच्या ट्रॉलीमागून रांगत जाणें, वजनकांट्याशीं एंजिन चालूं ठेवून तासन्‌तास उभें राहणें.

तेव्हां माझें मत असें. नवी पेट्रोल मोटार, लांबच्या सडकेवर चालणारी, पुस्तकांत सांगितलेल्या जातीचेंच तेल घातलेली असेल, तर पुस्तकांतील मुदत बिनदिक्कत पाळावी. ती हल्लीं पुष्कळ गाड्यांस १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, यांतील जें आधीं होईल तें, अशी असते. 'किंवा १ वर्ष' हे शब्द आपण वाचीत नाहीं, आणि नुकसान तेथेंच होतें. त्याच पुस्तकांत बहुधा शेवटच्या पानांवर, धूळ, थोड्या अंतराच्या फेऱ्या, ओझें ओढणें, यांसाठीं निराळी व कमी मुदत छापलेली असते. खेड्यांतील गाडीची खरी मुदत ती. ५,००० किलोमीटर किंवा सहा महिने धरल्यास चूक होणार नाहीं. जुन्या जीपगाडीस ५,००० च्या पुढें जाऊं देऊं नये. ट्रॅक्टरास तासांचा मीटर असतोच. पुष्कळांची मुदत २५० तासांची असते, पण नव्या ट्रॅक्टराचें पहिलें तेल फार लवकर, बहुधा ५० तासांनीं, काढावें लागतें, कारण नव्या भागांचा धातूचा कीस त्यांत उतरलेला असतो.

तेल बदलतांना एंजिन थोडें तापवून, सपाट जागीं गाडी उभी करून खालचें बूच काढावें, म्हणजे गाळ तेलाबरोबर वाहून येतो. फिल्टर दर वेळीं नवा घालावा. तेल नवें आणि फिल्टर जुना हा कंजूषपणा महाग पडतो. पट्टीवरील वरच्या खुणेपेक्षां अधिक तेल भरूं नये, तें फेसाळतें. हवेची गाळणीहि त्याच वेळीं पाहावी, कारण पाणंदीची बारीक धूळ तेलांत शिरली तर ती कानशीप्रमाणें एंजिन घांसते. डबा सीलबंद पाहून घ्यावा, व रिकामा डबा भोंक पाडून मगच भंगारांत द्यावा. नाहीं तर तोच डबा हलक्या तेलानें भरून पुन्हा बाजारांत येण्याची भीति असते.

महापुराचा एक वेगळा विचार केला पाहिजे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्यें पंचगंगेनें राजाराम बंधाऱ्याशीं ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फुटांच्याहि वर मजल मारली, व शाहूपुरीच्या कुंभार गल्लीसारख्या सखल भागांत घरेंदारें व वाहनें पाण्याखालीं गेलीं. अशा गाडीचें तेल किती चाललें हा प्रश्नच उरत नाहीं. पुराचें पाणी ओसरल्यावर किल्ली फिरवून पाहण्याचा मोह अनावर होतो. पण सिलिंडरांत पाणी असेल तर तें दाबलें जात नाहीं, आणि पिस्टनाचा दांडा वांकतो. बॅटरी सोडवावी, गाडी ओढून न्यावी, व खालचें बूच काढावें. पाणी तेलापेक्षां जड असल्यामुळें प्रथम तेंच बाहेर पडतें. नवें तेल घालून एंजिन थोडें चालवावें, तें पुन्हा काढावें, आणि दुधाळपणा जाईपर्यंत असें करावें. गिअरपेटीचें तेलहि विसरूं नये.

राहिला प्रश्न काढलेल्या तेलाचा. आपल्याकडे तें गोचिडांवर किंवा खरजेवर म्हणून जनावराच्या अंगास चोळतात, धूळ बसावी म्हणून खळ्याच्या वाटेवर ओततात, किंवा ओढ्याला सोडून देतात. जळलेल्या तेलांत धातूंचे कण व रोगकारक द्रव्यें असतात. जनावर अंग चाटतें, आणि तें त्याच्या पोटांत जातें. ओढ्यांत सोडलेलें तेल शेजारच्या विहिरींत उतरलें, तर तें पाणी माणसाच्या वा जनावराच्या पिण्याजोगें राहत नाहीं. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणें असें तेल नोंदणीकृत शुद्धिकारकाकडेच जावयास हवें. घरीं तेल काढणाऱ्यानें तें झांकणाच्या डब्यांत भरून, पाणी न मिसळतां, तेल गोळा करणाऱ्या गॅरेजांत पोंचतें करावें. आमच्या गांवीं चार घरांनीं मिळून त्यासाठीं एक कॅन ठेवला आहे. तो भरला कीं पेठेंत जाणाऱ्या टेम्पोवर चढतो. आणि बॉनेटच्या आंतल्या बाजूस एका चिठ्ठीवर तेल बदलल्याची तारीख व मीटरचा आंकडा, असे दोन्ही लिहून ठेवतों. पूर्वीं तेथें नुसता आंकडा असे.