प्रोजेक्टर टांगण्यापूर्वी

आमच्या तालुक्यातल्या एका शाळेत गावकऱ्यांनी वर्गणी काढून प्रोजेक्टर घेतला. कोणी पन्नास रुपये दिले, कोणी पाचशे. ज्यांच्याजवळ रोख नव्हती त्यांनी सुगीत ज्वारी दिली, ती विकून पैसे उभे केले. यंत्र सातवीच्या वर्गात छताला टांगले, नारळ फुटला, पेढे वाटले. पुढे दोन महिन्यांनी एका शनिवारी रात्री ते यंत्र खाली आले. दुसरा दिवस रविवार, म्हणून वर्ग रिकामा होता. तिसऱ्या ओळीतल्या बाकाचा कोपरा तुटला होता. त्या बाकावर रोज तीन मुली बसत.

मी तिथे व्याख्यानाला गेलो तेव्हा हेडमास्तरांनी तो बाक दाखवला आणि छतातली चार भोकेही दाखवली. भोकांत लाकडी गुल्ल्या ठोकून त्यांत स्क्रू पिळले होते. गुल्ल्या स्लॅबच्या काँक्रीटमध्ये गेल्याच नव्हत्या. त्या वरच्या गिलाव्यातच राहिल्या होत्या. म्हणजे चार किलोचे यंत्र, ज्याला मुलाच्या हातचा खिळाही उकरून काढील, अशा थरावर लटकत होते.

मी मराठीचा प्राध्यापक. यंत्रे हा माझा विषय नव्हे. परंतु प्रोजेक्टर टांगण्याचे काम मी तीनदा केले आहे, त्यांतले पहिले स्वतःच्या घरी, आणि ते चुकले. म्हणून शिक्षक बंधुभगिनींना, आणि हल्ली घरच्या मोठ्या खोलीत पडदा लावून सगळ्यांनी मिळून सिनेमा किंवा सामना पाहण्याची हौस ज्यांना आहे त्यांना, चार गोष्टी सांगाव्यात असे वाटते.

आधी एक प्रश्न विचारू. टांगायचेच कशाला? टेबलावर ठेवले तर चालत नाही का? चालते. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवर रंगवलेल्या चित्रांचे खेळ केले, तेव्हा दिव्याची पेटी कोणी छताला लटकवली नव्हती. परंतु वर्गात टेबलावरच्या यंत्रासमोरून गुरुजी गेले की पडद्यावर गुरुजींची सावली पडते, उजेड त्यांच्या डोळ्यांत जातो, वायरीत मुलांचे पाय अडकतात, आणि तासाची पहिली दहा मिनिटे मांडामांडीत जातात. आठ दिवस गुरुजी हौसेने मांडतात, नवव्या दिवशी यंत्र कपाटात जाते. छताला टांगलेले यंत्र मात्र बटण दाबले की तयार. म्हणून टांगावे, पण मोजून.

आता मोजायचे काय? प्रोजेक्टरच्या भिंगातून उजेड पसरत पसरत जातो. यंत्र पडद्यापासून जितके लांब, तितके चित्र मोठे. किती लांब ठेवले म्हणजे किती रुंद चित्र, याचा प्रत्येक यंत्राचा एक आकडा ठरलेला असतो आणि तो पुस्तिकेत छापलेला असतो. दुकानदार त्याला ‘थ्रो रेशो’ म्हणतात. हिशेब अगदी चौथीतला आहे. आकडा १.५ असेल तर ६ फूट रुंद चित्रासाठी भिंग पडद्यापासून ९ फुटांवर हवे. पुष्कळ यंत्रांत चित्र लहानमोठे करण्याची थोडी सोय असते. मग आकडे दोन दिलेले असतात. समजा १.५ ते १.८. तर ६ फुटांच्या चित्रासाठी भिंग ९ फुटांपासून पावणेअकरा फुटांपर्यंत कुठेही चालेल. काही यंत्रांचा आकडा ०.५ इतका लहान असतो. तेवढेच चित्र ती ३ फुटांवरून टाकतात. त्यांना किंमत जास्त पडते, पण फळ्याजवळ उभ्या असलेल्या शिक्षकाची सावली पडत नाही, हा वर्गासाठी मोठा गुण.

चित्र केवढे हवे, हे शेवटच्या बाकावरच्या मुलाला विचारा. अक्षरे वाचायची असतील तर शेवटचा माणूस चित्राच्या उंचीच्या सहापटीहून लांब नसावा, असा जुना ठोकताळा आहे. आजकालचे चित्र सोळास नऊ या प्रमाणात असते. म्हणजे रुंदी ६ फूट तर उंची ३ फूट साडेचार इंच. त्याच्या सहापट म्हणजे सुमारे २० फूट. वर्ग २० फुटांहून लांब असेल तर चित्र मोठे करा, किंवा मुलांना पुढे बसवा. मात्र रुंदी दुप्पट केली की उंचीही दुप्पट होते, तोच उजेड चौपट जागेवर पसरतो आणि चित्राचा उजळपणा चौथाईवर येतो. विहिरीचे पाणी तेवढेच आणि शेत चौपट, असा तो प्रकार.

उजेडाचा विषय निघाला आहे तर आणखी एक गोष्ट सांगतो, कारण तिथे लोकांची फार निराशा होते. प्रोजेक्टर उजेड टाकू शकतो, अंधार टाकू शकत नाही. चित्रातला काळा रंग म्हणजे काय? यंत्राने जिथे उजेड टाकला नाही ती भिंत. ती भिंत खिडकीच्या उन्हाने आधीच पांढरी झाली असेल, तर चित्रातली रात्रही पांढरीच दिसणार. तेव्हा पडदा खिडकीसमोर लावू नका. ज्या भिंतीवर दिवसभरात सर्वांत कमी उजेड पडतो, ती भिंत निवडा आणि पडद्याजवळच्या खिडकीला जाड कापड लावा. वर्गात थोडा उजेड राहणारच, म्हणून तिथे तीन हजार ल्युमेन किंवा अधिकचे यंत्र घ्यावे. घरी रात्री दिवे मालवून पाहायचे तर त्याच्या निम्म्यातही भागते. हा आकडा ‘अन्सी’ पद्धतीने मोजलेला आहे का, हे विचारून घ्या. स्वस्त यंत्रांच्या खोक्यांवर वाटेल ते आकडे छापलेले असतात.

पडद्यासाठी पैसे नसतील तर अडू नका. सपाट भिंतीला चकाकी नसलेला पांढरा डिस्टेंपर दिला आणि कडेने चार बोटे काळी पट्टी ओढली की उत्तम पडदा होतो. ऑइलपेंट देऊ नका. त्यात दिव्याचे प्रतिबिंब पडते. भिंतीला पोक आहे का हे गवंड्याप्रमाणे दोरी ताणून पाहा. वर्गात चित्राची खालची कड जमिनीपासून ४ फुटांवर असावी, म्हणजे पुढच्या डोक्यांच्या वरून मागच्याला दिसते. घरी खुर्चीवर बसून पाहायचे तर ती आणखी खाली घेतलेली बरी, नाहीतर मान दुखते.

आता माझी चूक. आमची बैठकीची खोली १६ फूट लांब आणि १० फूट उंच. हिशेब करून मी पडद्यापासून साडेदहा फुटांवर जागा धरली, भोके पाडली, यंत्र छतापासून ९ इंच खाली बसवले. रात्री घरची मंडळी जमली, सिनेमा लावला, आणि उकडते म्हणून आईने पंखा सुरू केला. पडद्यावर जणू कोणी सुपाने वारा घालत होते. खोलीच्या मधोमध, म्हणजे पडद्यापासून ८ फुटांवर पंखा. त्याची पाती दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट फिरतात. आणि सगळा उजेड त्या पात्यांमधूनच जात होता. आई म्हणाली, “अरे, एवढा शिकलास, पण पंखा दिसला नाही का तुला?” मला खरोखरच दिसला नव्हता. मी जमिनीवरची लांबी मोजली होती, उंची मोजलीच नव्हती.

उपाय पुढे निघाला तो साधाच. छताला लावायच्या स्टँडचा नळ लांब घेतला आणि भिंग छतापासून २ फूट खाली, म्हणजे जमिनीपासून ८ फुटांवर आणले. पाती ९ फुटांवर राहिली, उजेड त्यांच्याखालून गेला. इतक्या उंचीवरून माणसाच्या डोक्याला काही लागत नाही. मात्र नळ लांब झाला की वाऱ्याने यंत्र किंचित हलते आणि पडद्यावरचे चित्र चांगलेच हलते, म्हणून नळाला बाजूने एक तिरका टेकू द्यावा लागला. पहिल्या जागेची भोके बुजवली आहेत, पण रंग जुळला नाही. आणि कृपा करून पंख्याच्याच हुकाला यंत्र अडकवण्याची युक्ती कोणी काढू नये. तेही मी एके ठिकाणी पाहिले आहे.

छताला टांगताना यंत्र उलटे टांगतात, पोट वर आणि पाठ खाली. चित्रही उलटे पडते; यंत्राच्या यादीत ते सुलट करण्याची सोय असते, घाबरू नये. असे टांगले की बहुतेक साध्या यंत्रांत चित्राची वरची कड भिंगाच्या थोडी खाली येते. आपल्या ६ फुटांच्या चित्राला चार-सहा इंच धरा. नेमका आकडा पुस्तिकेत असतो. भिंग पडद्याच्या मध्यरेषेसमोर आहे का, हे ओळंबा सोडून पाहा. यंत्र तिरके लागले तर चित्राचा चौकोन एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद होतो. बटणाने तो सरळ करता येतो हे खरे, पण त्यात चित्राची धार जाते आणि बारीक अक्षरे पुसट होतात. यंत्रच सरळ लावावे.

हे सगळे भोक पाडण्यापूर्वी, एका रात्री, करून पाहा. टेबलावर टेबल ठेवून त्यावर यंत्र मांडा, भिंतीवर चित्र टाका, पंखा लावा, शेवटच्या जागी बसा, आणि मग खडूने खूण करा. मी ती एक रात्र वाचवायला गेलो होतो.

आता छत. स्लॅब असेल तर ड्रिल मशीनने गिलावा ओलांडून काँक्रीटमध्ये दोनेक इंच भोक पाडावे आणि लोखंडी अँकर फास्टनर बसवावा. तो आवळला की भोकात फुगून घट्ट होतो. लाकडी गुल्ली किंवा प्लास्टिकचा प्लग भिंतीवरच्या फोटोला ठीक, डोक्यावरच्या वजनाला नव्हे. भोक पाडण्यापूर्वी मेन स्विच बंद करा, कारण पंख्याकडे आणि दिव्यांकडे जाणारे वायरचे पाइप स्लॅबच्या पोटातूनच गेलेले असतात. पीओपीचे खोटे छत असेल तर ते वजन घेत नाही. त्याला भोक पाडून वरच्या खऱ्या स्लॅबला धरावे लागते. पत्र्याच्या शेडमध्ये दोन कैच्यांच्या मध्ये लोखंडी अँगल आडवा टाकून त्याला टांगा, पत्र्याला नाही. कौलारू घरात तुळईला आरपार बोल्ट घाला, पण आधी सुताराकडून तुळई ठोकून पाहा. वाळवीने आतून खाल्लेले लाकूड बाहेरून धडधाकट दिसते.

आणि स्लॅबचे पोपडे पडत असतील, सळ्या गंजून दिसत असतील, तर गुरुजी, तिथे टांगूच नका. मागच्या भिंतीवर भक्कम फळी ठोका आणि तेवढ्या अंतराला बसणारे यंत्र घ्या, किंवा टेबलच बरे.

जोडणी झाली की लगेच यंत्र चढवू नका. २० लिटरचा पाण्याचा कॅन भरून त्या स्टँडला रात्रभर टांगून ठेवा आणि खोलीला कुलूप लावा. ते वजन यंत्राच्या पाचपट झाले. सकाळी कॅन जागेवर असेल, भोकाभोवती चीर नसेल, तर यंत्र चढवा. शिवाय छतात वेगळ्या जागी एक फास्टनर घालून त्यातून पोलादी तार यंत्राला बांधा. स्टँड सुटला तरी तार धरून ठेवते. ही तार पन्नास-शंभर रुपयांची गोष्ट आहे.

विजेचे थोडक्यात सांगतो. प्लगला खरे अर्थिंग हवे. तिसरे भोक असले म्हणजे अर्थिंग आहे असे नाही, वायरमनकडून तपासून घ्या. जुन्या पद्धतीच्या दिव्याच्या यंत्राला बंद केल्यावरही काही वेळ आतला पंखा फिरवून दिवा थंड करावा लागतो. वीज मधेच गेली तर तो तापलेलाच राहतो आणि त्याचे आयुष्य घटते. वीज वारंवार जात असेल तर मध्ये लहानसा यूपीएस ठेवा. लेझर किंवा एलईडीच्या यंत्रांना ही पीडा कमी, आणि त्यांचा दिवा वीस हजार तासांपर्यंत चालतो असे सांगतात. जुना दिवा साधारण तीन ते पाच हजार तास. चित्राची केबल आणि विजेची वायर वेगवेगळ्या पाइपांतून न्या. केबलच्या टोकाची पिन जाड असते, म्हणून पाइप सव्वा इंचाहून बारीक नको. केबल पाइपात घालण्यापूर्वी जमिनीवर पसरून चालते का ते पाहा. एका मिस्त्रीने आमच्याकडे नादुरुस्त केबल भिंतीत गाडून वर गिलावा केला होता.

त्या शाळेत पुढे हेच केले. यंत्राची दुरुस्ती झाली, फास्टनर घातले, कॅन रात्रभर टांगला. सकाळी सातवीची मुले खिडकीतून कॅन पाहायला जमली होती. हेडमास्तरांनी तो उतरवून त्याच पाण्याने झाडे शिंपली.

आता तिथे अडचण आहे ती कुंभारीण माशीची. उन्हाळ्याच्या सुटीत यंत्र बंद असते, तेव्हा ती वारा जाण्याच्या जाळीत मातीचे घर बांधते, आणि जूनमध्ये यंत्र सुरू केले की गरम होऊन बंद पडते. म्हणून सुटीत यंत्रावर कापडी पिशवी बांधून ठेवा. सुरू करण्यापूर्वी ती सोडा, जाळी काढून मऊ ब्रशने झाडा, आणि तीच संधी साधून शिडीवरूनच चारही बोल्ट पान्याने एकदा आवळून पाहा.