स्मृतिभ्रंशाचा खर्च कोण सोसतो?

भारतातील साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख नागरिक स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असावेत, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने दिला. पुढच्याच वर्षी सत्तरी गाठलेल्या सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान भारत योजनेचे छत्र मिळाले. कुटुंबातील अशा ज्येष्ठांसाठी मिळून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतची तरतूद झाली. आजार मोठा तशी तरतूदही मोठी, असे समाधान यावरून कोणी मानून घेईल. पण ते फसवे ठरेल.

कारण ही योजना पैसे मोजते ते रुग्णालयातील खाटेसाठी. दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस आणि घरी परतल्यानंतरचे १५ दिवस तीत धरले आहेत. बाह्यरुग्ण विभागातील तपासणी नाही, घरातील शुश्रूषा तर नाहीच नाही. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण मात्र त्या आजारासाठी म्हणून क्वचितच दाखल होतो. न्हाणीघरात पडून खुब्याचे हाड मोडते, पाणी पिण्याचे भान न राहिल्याने मूत्रमार्गात जंतुसंसर्ग होतो, घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो, आणि मग खाट लागते. अनोळखी वॉर्डात त्याचा गोंधळ आणखी वाढतो. तो सलाइनची सुई उपसून काढतो, रात्री उठून घरी निघतो. मुक्काम लांबतो. उशाशी घरचे कोणी तरी रजा टाकून बसलेले असते. ती रजा रुग्णालयाच्या कोणत्याही बिलात दिसत नाही.

या आजाराचा देशावरील वार्षिक बोजा २०१० च्या ‘डिमेन्शिया इंडिया’ अहवालात सुमारे १४,७०० कोटी रुपये धरला होता. त्यातील अर्ध्याहून अधिक भाग कुटुंबीयांच्या बिनपगारी श्रमांचा होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने अशा शुश्रूषेचे ७० टक्के तास स्त्रियांच्या वाट्याला येतात. आपल्याकडे ती सून असते, लेक असते, पुष्कळदा स्वतःच सत्तरीला टेकलेली पत्नी असते. तिने सोडलेल्या नोकरीचा पगार राष्ट्रीय उत्पन्नातून वजा होतो. तिने घरात केलेले काम मात्र त्यात मिळवले जात नाही. अर्थशास्त्राच्या या जुन्या खोडीची किंमत येथे रोकडी मोजावी लागते.

केरळने २०१४ मध्ये स्वतंत्र स्मृतिभ्रंश कार्यक्रम हाती घेऊन रुग्णांना दिवसभर सांभाळणारे केंद्र उघडले. महाराष्ट्रातही तालुक्याच्या गावी अशी केंद्रे हवीत. मोडलेल्या खुब्याच्या शस्त्रक्रियेला पैसे मिळतात. न्हाणीघरातील आधाराच्या दांडीला आणि दिवसाकाठी चार तास येणाऱ्या प्रशिक्षित सेविकेला ते का मिळू नयेत, याचा खुलासा आरोग्य खात्याकडे मागितला पाहिजे.